ऑक्सिजन शहाऐंशी, आणि मी चालतेय

बोटावरच्या ऑक्सिमीटरचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा, आकडा ८६ वर आला तेव्हा ट्रेडमिलच्या पट्ट्यावर माझा पाय अडखळला. धाप फार लागली नव्हती, डोकंही ठीक होतं. अडखळले ती आकड्यामुळे. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या घरात हाच आकडा अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, बोटावर दिसला होता आणि पुढचे नऊ तास आम्ही फोन फिरवत होतो. बेड कुठेच नव्हता. शेवटी सोसायटीतल्या एकांकडून कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र, मिळाला. लिफ्ट नेमकी बंद, म्हणून नवऱ्याने आणि वॉचमनने तो जिन्याने चौथ्या मजल्यावर चढवला. अण्णा वाचले. पण तेव्हापासून ९४ च्या खालचा कुठलाही आकडा दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. आणि आता मी जिममधल्या कमी ऑक्सिजनच्या खोलीत, पैसे भरून, ट्रॅकपँट घालून, तोच आकडा मुद्दाम खाली आणत होते.

“काकू, आकड्याकडे बघू नका, माझ्याशी बोला,” ट्रेनर म्हणाला. पंचविशीतला मुलगा. “पूर्ण वाक्य बोलता येतंय का सांगा.”

“येतंय. तुझ्या आईला माहितीय का तू दिवसभर हे उद्योग करतोस ते?”

“झालं की पूर्ण वाक्य. चालू ठेवा.”

हे सगळं सुरू झालं गेल्या दसऱ्याच्या सुमाराला, ऑफिसच्या वार्षिक तपासणीतून. वय ५२, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७४.५ किलो. उपाशीपोटीची साखर ११२, एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, ६.२, ट्रायग्लिसराइड १९८, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. आई मधुमेही, मामा मधुमेही, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. बस कधीतरी येणार हे ठाऊक होतं, ती समोर येऊन थांबली इतकंच. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, मी त्यावर बरीच आत सरकून बसले होते.

डॉक्टर म्हणाल्या, चाला. सगळे डॉक्टर तेच म्हणतात आणि ते खरंही आहे. पण माझा उजवा गुडघा झिजलाय. भरभर चाललं की दुसऱ्या दिवशी तो नारळासारखा सुजतो. हळू चाललं तर गुडघा खूश, पण नाडी शंभराच्या वर जात नाही आणि घामही येत नाही. दोन वर्षं मी या दोहोंच्या मध्ये अडकले होते. पोहायला येत नाही. सायकल होती, ती गॅलरीत, तिच्यावर पायपुसणी वाळत असायची.

खोलीबद्दल सांगितलं भाच्याने. तो लडाखच्या एका ट्रेकची तयारी करत होता आणि त्यासाठी शहरातल्या एका जिममध्ये कमी ऑक्सिजनच्या खोलीत चालायला जायचा. “मावशी, तिथे ताशी चार किलोमीटरला माझी नाडी १३० जाते,” तो सहज बोलून गेला. माझ्या डोक्यात ते वाक्य वेगळ्याच जागी जाऊन बसलं. त्याला हिमालय दिसत होता, मला माझा गुडघा. हळू चालायचं आणि तरी हृदयाला काम मिळायचं, हेच तर हवं होतं.

डॉक्टर हसतील असं वाटलं होतं, हसल्या नाहीत. त्यांनी ईसीजी, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, सांगितलं. हिमोग्लोबिन निघालं १०.६ आणि शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ रिकामा. रजोनिवृत्तीच्या आधीची शेवटची दोन वर्षं मला भोवली होती. डॉक्टर म्हणाल्या, “धरणातलं पाणी कमी करून बघायची हौस आहे ना? आधी पाइपलाइन तरी धड करा.” ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. तेच कमी असेल तर त्या खोलीत शरीरावर दुहेरी ताण येतो, आणि शरीराला कमी ऑक्सिजनशी जमवून घ्यायलाही लोह लागतं. म्हणजे आधी नऊ आठवडे लोहाच्या गोळ्या. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही, ही माझ्यासाठी खरी तपश्चर्या.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला तोवर कुणीच सांगितली नव्हती. लोह कमी असेल तर एचबीए१सी असतो त्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. तांबड्या पेशी जास्त दिवस फिरत राहतात आणि त्यांच्यावर साखर जास्त चढते. म्हणून गोळ्या झाल्यावर, खोलीत जाण्याआधी, पुन्हा तपासणी केली. हिमोग्लोबिन १२.१, एचबीए१सी ६.१, उपाशीपोटी १०८. त्यांनी हे आकडे कागदावर लिहून भोवती चौकट केली. “हिशोब इथून. नाहीतर गोळीचं श्रेय त्या खोलीला द्याल.”

संक्रांत झाली आणि दुसऱ्या दिवशी मी नाव घालायला गेले. बरोबर नवराही आला, कारण जोडप्याला सवलत होती आणि सवलत सोडणं त्याच्या स्वभावात नाही. तीन पानी फॉर्म. हृदयविकार, न आटोक्यातला रक्तदाब, दमा, गर्भारपण, हे अपेक्षित होतं. सिकलसेलचा प्रश्नही होता. तो बघून मला बरं वाटलं, कारण गडचिरोली-नंदुरबारकडच्या कितीतरी मुलांना आपल्याला तो आहे हे माहीतच नसतं आणि ऑक्सिजन कमी झाला की त्याच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. शेवटून दुसरा प्रश्न होता: झोपेत घोरता का?

नवऱ्याने “नाही” वर खूण केली. मी पेन काढून घेतलं.

तो घोरतो म्हणजे काय, शेजारच्या फ्लॅटमधल्यांनी एकदा विचारलं होतं की रात्री मिक्सर कशाला लावता. मध्येच आवाज पूर्ण बंद होतो, मग एकदम गचका देऊन सुरू. ट्रेनरने ते ऐकून त्याला थांबवलं आणि आधी झोपेची तपासणी करून यायला सांगितलं. तपासणीत मध्यम प्रतीचा स्लीप ॲप्निया निघाला. रात्रभर श्वास अडकत होता, ऑक्सिजन खाली-वर होत होता. त्याला रात्री लावायचं सीपॅपचं मशीन मिळालं, जे हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवतं, खोलीचे पैसे वाचले आणि त्याने पहाटे पुण्यातली वेताळ टेकडी चढायला सुरुवात केली. फुकट. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला यात एक कोडं दिसलं. रात्री ऑक्सिजन कमी झाला की साखर बिघडते, इन्शुलिनला शरीर दाद देईनासं होतं, हे सगळे सांगतात. मग दिवसा ऑक्सिजन कमी केला की साखर सुधारते, हे कसं? डॉक्टरांचं उत्तर असं: रात्रीचे ते झटके असतात, एका तासात कितीतरी वेळा, आणि प्रत्येक वेळी शरीर दचकून जागं होतं, ताणाची संप्रेरकं सोडतं. तेही रोज, वर्षानुवर्षं. इथे स्थिर, मोजका, तासाभराचा उतार आहे आणि स्नायू त्या वेळी काम करत असतात. “आणि तरीसुद्धा,” त्या म्हणाल्या, “हे औषध म्हणून लिहून देण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. व्यायाम म्हणून करा.”

खोली दिसायला अगदीच साधी. तीन बाजूंनी काच, सहा ट्रेडमिल, दोन सायकली, भिंतीवर एक पाटी, तिच्यावर लाल आकड्यांत ऑक्सिजनची टक्केवारी आणि खाली कार्बन डायऑक्साइड. बंद खोलीत सहा माणसं धापा टाकणार, म्हणजे दुसऱ्या आकड्यावरही डोळा ठेवावाच लागतो. पलीकडच्या खोलीत यंत्र. आत पाऊल टाकलं आणि आवाज आला. फस्स... टक. दहा-बारा सेकंदं शांत. फस्स... टक.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. २०२१ मध्ये अठरा रात्री मी त्याच्या शेजारी जमिनीवर गादी टाकून झोपले होते. ट्रेनरला विचारलं तर तो म्हणाला, हो, तत्त्व तेच. कॉन्सन्ट्रेटरमध्ये झिओलाइट नावाच्या खड्यांनी भरलेल्या नळकांड्या असतात. दाबाखाली हवा सोडली की खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पुढे जातो तो ऑक्सिजन, पेशंटकडे. मग दाब सोडला की धरून ठेवलेला नायट्रोजन फस्स करून बाहेर. इथे टोक उलटं जोडलंय. ऑक्सिजन बाहेर सोडून देतात आणि उरलेली, नायट्रोजनने जड झालेली हवा खोलीत. अण्णांचं यंत्र ज्याला कचरा म्हणून फेकत होतं, तो मी विकत घेत होते.

घरी आल्यावर अण्णांना हे सांगितलं. ते ८३ वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येतं, पण यातलं एक अक्षर चुकलं नाही. म्हणाले, “मी जिथून वर आलो, तिथे तू पैसे भरून उतरतेस होय!” आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत बसले.

या खोलीतली हवा डोंगरासारखी विरळ नसते, हे आधी समजून घ्यायला हवं. हवेचा दाब पुण्याचाच असतो. कान दडत नाहीत, वेफरचं पाकीट फुगत नाही. डोंगरावर हवेत ऑक्सिजन २०.९ टक्केच असतो, पण दाब उतरतो म्हणून श्वासागणिक कमी मिळतो. इथे दाब तोच ठेवून टक्केवारी उतरवतात. फुप्फुसाला फरक साधारण सारखाच. भिंतीवर तक्ता होता: १५ टक्के म्हणजे अडीच हजार मीटर. भाच्याने तो बघून नाक मुरडलं, कारण तक्ता समुद्रसपाटीचा होता आणि पुणे मुळातच ५६० मीटरवर आहे. त्याने बसून आकडेमोड केली. पुण्यात १८ टक्के म्हणजे साधारण कळसूबाईचं शिखर, १५ टक्के म्हणजे तीन हजार मीटरच्या जरा वर आणि १४ टक्के म्हणजे जवळजवळ लेह. मी कळसूबाई कॉलेजात असताना चढले होते. तीस वर्षांनी पुन्हा, काचेच्या पेटीत, शेजारच्या बाई फोनवर मालिका बघत असताना.

पहिले दोन आठवडे १८ टक्के. काहीच वाटलं नाही. आकडा ९३-९४ वर राहायचा आणि फसवले गेलो की काय अशी शंका यायची. तिसऱ्या आठवड्यात १६.५, पाचव्यापासून १५. आठवड्यातून तीन दिवस, ४५ मिनिटं. नेम नाडीचा होता, वेगाचा नाही: नाडी १२० ते १२८ च्या मध्ये ठेवायची आणि वेग त्याप्रमाणे जुळवायचा. ऑक्सिजन ८२ च्या खाली गेला की वेग कमी, ८० च्या खाली गेला की थेट बाहेर.

बाहेरच्या साध्या ट्रेडमिलवर १२५ नाडीला मला ताशी ५.६ किलोमीटर वेग लागायचा. आत तीच नाडी ४.३ ला यायची. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण ५.६ ला माझी पावलं आपटतात, टाच धाडकन बसते आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक बारीक सुई टोचायला लागते. ४.३ ला मी मंडईत चालते तशी चालते. पहिल्या महिन्यानंतर एका सकाळी जिना उतरताना लक्षात आलं की मी कठड्याला हात लावलेला नाही. गुडघा बरा झाला नव्हता, त्याला फक्त कुणी रोज मारत नव्हतं.

नेमकी हीच गोष्ट जिमच्या फलकावर नव्हती. तिथे लिहिलं होतं, कमी ऑक्सिजनमध्ये दुप्पट चरबी जळते. मला हा दावा पटत नाही. मी हळू चालत होते, म्हणजे काम कमी होत होतं. कमी कामात जास्त जळणार कुठून? धाप लागणं आणि जळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रेनरला विचारलं तर तो प्रामाणिक होता बिचारा, म्हणाला, “काकू, बोर्ड मी नाही लिहिला.”

साखरेचं मात्र थोडं वेगळं आहे. साखर रक्तातून स्नायूच्या पेशीत शिरते ती ग्लूट-४ नावाच्या प्रथिनांमधून. एरवी ती पेशीच्या आत पडून असतात. जेवणानंतर इन्शुलिनने हाक मारली की पृष्ठभागावर येतात. माझ्यासारखीचं इन्शुलिन घसा फोडून ओरडत असतं आणि ती ढिम्म हलत नाहीत. पण स्नायू कामाला लागला की इन्शुलिनने न बोलावताही ती वर येतात. मधुमेहात व्यायामाचा सगळा महिमा हाच. स्नायूला ऑक्सिजन कमी पडला तरीही ती वर येतात, हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांच्या स्नायूंवर दिसलं आणि पुढे माणसाच्या स्नायूतही. दोन वाटांनी एकाच दारावर थाप. ऑक्सिजन घटल्याचं पेशीला मुळात कळतं कसं, याच्या शोधाला २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना. भाच्याने मला हे सगळं शेवच्या वाटीवर बोट ठेवून समजावलं. वाटी पेशी, शेव साखर. नंतर त्याने पेशी रिकामी केली.

आणखी एक अभ्यास मला फार आवडला, कारण त्यात कुणी घाम गाळत नाही. म्युनिकच्या संशोधकांनी वीस लठ्ठ पुरुषांना जर्मनीतल्या त्सुगश्पिट्झ पर्वतावर २,६५० मीटरवर आठवडाभर नेऊन ठेवलं. जादा व्यायाम नाही, खायला हवं तेवढं. तरी वजन उतरलं, कारण त्यांची भूकच मंदावली. २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. आता मी आठवड्यातून सव्वादोन तास काचेच्या खोलीत आणि ते आठवडाभर रात्रंदिवस डोंगरावर, याची बरोबरी होत नाही हे मला कळतं. पण खोलीतून बाहेर आल्यावर दीड-दोन तास खावंसं वाटायचं नाही, हे माझ्या बाबतीत खरं होतं. संध्याकाळी साडेसहाची बिस्किटं त्यात आपोआप सुटली. ऑक्सिजनमुळे सुटली की त्या वेळी मी घरी नसायचे म्हणून, कुणास ठाऊक.

मग संकष्टी आली. मी लहानपणापासून करते, सकाळी फक्त चहा आणि दोन केळी. त्या दिवशी खोलीचा वार होता. चंद्रोदय रात्री नऊनंतर, सत्र साडेपाचला. उपास आहे हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर जाऊ देणार नाहीत हे आतून ठाऊक होतं. विसाव्या मिनिटापर्यंत छान. मग ओठाभोवती मुंग्या आल्या. समोरच्या पाटीवरचे लाल आकडे लांब गेल्यासारखे दिसायला लागले, जणू मी दुर्बिणीच्या उलट्या टोकातून बघतेय. ट्रेनरने काहीतरी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, पण वाक्य जुळेना. “हो” एवढंच आलं. त्याने पट्टा बंद केला, मला दंडाला धरून दाराबाहेर आणलं. ऑक्सिमीटर ७८.

बाहेरच्या साध्या हवेत दोन मिनिटांत आकडा ९५ वर आला. इतक्या लवकर की मला खोटंच वाटलं. शरीर मात्र अर्धा तास थरथरत होतं. त्या मुलाने मला लिंबू सरबत दिलं, साखर-मीठ घातलेलं, आणि समोर उभा राहून संपवायला लावलं. उपास मोडला. “गणपती समजून घेईल, काकू. तुमच्या घरचे मला समजून घेणार नाहीत.” मी ओशाळले. फॉर्मवरचं नवऱ्याचं पेन काढून घेणारी मीच होते ना.

याच काळात मी आणखी एक शहाणपणा केला. घरचं ग्लुकोमीटर पिशवीत घालून नेलं आणि चालता चालता, खोलीच्या आतच, बोट टोचलं. १६४! चालून साखर वाढली? बाहेर येऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं तर १२९. घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो साखरेचा नव्हताच, “पट्टी कुठल्या प्रकारची आहे?” काही पट्ट्यांमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. रक्तातला ऑक्सिजन त्या रासायनिक क्रियेत लुडबुड करतो. तो कमी असला की पट्टी साखर वाढवून दाखवते. उंचावर गेलेल्या गिर्यारोहकांनाही हा चकवा बसतो. शिवाय ऑक्सिजन घटल्यावर शरीर ताणात येऊन थोडी साखर यकृतातून सोडतंच, म्हणजे त्या १६४ मध्ये खरं किती आणि पट्टीचं किती हे वेगळं काढता येणार नाही. “मोजायचं तर बाहेर मोजा. आणि चालताना स्वतःला टोचू नका हो!” माझ्या आईच्या वयाच्या बाईने दटावावं तसं त्यांनी दटावलं, त्या माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत.

बाकीचे आठवडे सांगण्यासारखे नाहीत. एकदा लाईट गेली, यंत्र बंद पडलं आणि पाटीवर ऑक्सिजन हळूहळू वर चढताना आम्ही सगळे डोंगर उतरत असल्यासारखे बघत उभे होतो. शेवटच्या आठवड्यात १५ टक्क्यांना माझा आकडा ८८-८९ वर टिकायचा आणि तीच नाडी ४.८ किलोमीटरला यायची.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रिपोर्ट आले. वजन ७१.६, कंबर ९६ वरून ९१ सेंटिमीटर, उपाशीपोटी १०१, ट्रायग्लिसराइड १५२, एचबीए१सी ५.८. मी चौकटीतल्या ६.१ शेजारी हा ५.८ स्वतःच्या हाताने लिहिला आणि डॉक्टरांकडे विजयी मुद्रेने बघितलं.

मग नवऱ्याने खिशातून त्याचा कागद काढला. त्याचाही जानेवारीत ६.१ होता. आता ५.८.

डॉक्टर इतक्या हसल्या की बाहेरच्या रिसेप्शनिस्टने दार उघडून बघितलं. त्याने बारा आठवडे फुकटच्या हवेत टेकडी चढली होती, मोर बघितले होते, कट्ट्यावर बसून लोकांशी राजकारणावर भांडण केलं होतं. मी एका चांगल्या वॉशिंग मशीनचे पैसे भरले होते. अर्थात त्याचा हिशोबही स्वच्छ नाही. रात्रीच्या मशीनमुळे त्याची झोप सुधारली होती, तिचा वाटा त्यात असणारच. माझ्यात बिस्किटं आहेत, लोहाच्या गोळीचं शेपूट असेल. डॉक्टरांनी सांगितलं की मोठ्या अभ्यासांतही चित्र फार वेगळं नाही: कमी ऑक्सिजनमध्ये व्यायाम करणारे सुधारतात, साध्या हवेत करणारेही सुधारतात आणि पहिल्यांना जादा किती मिळालं यावर एकमत नाही.

नवरा म्हणतो, मग उद्यापासून माझ्याबरोबर टेकडीवर चल. गेले. चढताना मजा आली. उतरताना अर्ध्या वाटेवर ती सुई टोचायला लागली आणि संध्याकाळी गुडघ्यावर बर्फाची पिशवी. हे त्याच्या रिपोर्टमध्ये येत नाही. माझ्यासाठी त्या खोलीत जे विकत मिळत होतं ते ५.८ नव्हतंच, ते होतं ताशी ४.३ किलोमीटर. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी त्यात पैसे घालावेत असं मला वाटत नाही. ज्यांचे नाहीत त्यांनी आधी गॅलरीतल्या सायकलवरची पायपुसणी काढून बघावीत, हेही मी आता सांगेन, कारण मी ती काढली आहेत.

भाचा जूनच्या शेवटी लेहला चाललाय. मला म्हणाला, चल, तुझी तर १५ टक्क्यांची तयारी आहे. डॉक्टरांनी कान उपटले: तासाभराच्या खोलीने डोंगराची सवय होत नाही, तिथे पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस गुपचूप पडून राहावंच लागतं, खोलीत गेलेल्यानेही. मी अजून ठरवलेलं नाही. जिममधून फोन येतात, पुढच्या पॅकेजवर सूट आहे. मी आठवड्यातून एकच दिवस ठेवला, दोन दिवस सायकल.

रिपोर्ट आले त्याच दिवशी देवगडहून पेटी आली. संध्याकाळी अण्णांनी एक आंबा स्वतः कापला, चौघांत. जेवायच्या आधी ते रोज ऑक्सिमीटर लावतात, अजूनही. त्यांचा ९५ आला. मग त्यांनी तो काढून माझ्या बोटाला लावला आणि चष्मा कपाळावर सरकवून जवळून बघितला. ९८.

“आज उतरली नव्हतीस वाटतं,” ते म्हणाले, आणि माझ्या ताटलीतली एक फोड उचलून स्वतःच्या ताटलीत ठेवली.